वारशात आलेले हातस्क्रॅपर कसे ओळखावेत

खान्देशातल्या कितीतरी घरांच्या माळ्यावर, धाब्याच्या घरातल्या कोनाड्यात किंवा बंद पडलेल्या वर्कशॉपच्या मागच्या खोलीत एखादी पत्र्याची पेटी पडून असते आणि तिच्यात पान्हे, कानशी, छिन्न्या यांच्या तळाशी अशी काही हत्यारे निघतात, की त्यांचे नाव आता घरात कोणालाच सांगता येत नाही. भुसावळला रेल्वे होती, अमळनेरला प्रताप मिल, जळगावला खान्देश मिल. कापसाच्या पट्ट्यात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने होते आणि रावेर-यावलकडच्या केळीच्या बागांना विहिरीवरच्या ऑइल इंजिनांनी पाणी मिळत होते. या सगळ्या यंत्रांची बेअरिंगे आणि सपाट पृष्ठभाग हाताने बसवणारा फिटर ज्या हत्यारावर शेवटची भिस्त ठेवत असे, ते हत्यार म्हणजे स्क्रॅपर. आजोबा किंवा वडील फिटर होते, त्यांची पेटी आपल्याकडे आली आहे, पण आतले काय कशाचे हे उमगत नाही, अशा वाचकासाठी हा लेख आहे.

प्रथम हे हत्यार करते काय, ते थोडक्यात समजून घेतले पाहिजे, कारण काम कळल्याशिवाय आकाराचा अर्थ लागत नाही. लेथचा बेड, सरफेस प्लेट (सपाटपणा पडताळण्याची प्लेट) किंवा बेअरिंगचा बुश (शाफ्ट ज्यात फिरतो तो नळीसारखा भाग) यंत्रावर कितीही चांगला कापला, तरी त्यावर सूक्ष्म उंचवटे राहतात. फिटर एका खात्रीच्या पृष्ठभागाला मार्किंग ब्ल्यू (खूण उमटवणारा निळा रंग) किंवा तेलात कालवलेला शेंदूर अगदी पातळ लावतो, दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर हलके फिरवतो आणि ज्या ठिकाणी रंग उमटला ते उंच ठिकाण स्क्रॅपरने खरवडतो. एका खेपेला निघणारा धातू काही मायक्रॉन इतकाच असतो, त्यामुळे हेच काम पुन्हा पुन्हा करून रंगाचे ठिपके सगळीकडे सारखे पसरेपर्यंत फिटर थांबत नाही. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1840 मध्ये ग्लासगो येथे ब्रिटिश असोसिएशनपुढे सपाट पृष्ठभागांवर जो निबंध वाचला, त्यात तीन प्लेट आळीपाळीने एकमेकींशी पडताळून सपाट करण्याची पद्धत आणि एमरीने घासण्याऐवजी स्क्रॅपरने खरवडण्याचा आग्रह, या दोन्ही गोष्टी होत्या. आपल्याकडच्या फिटरांच्या हातात आलेली पद्धत मुळात तीच आहे.

पायरी पहिली : पेटी रिकामी करण्याआधी पाहा

पेटीतल्या वस्तू कोणत्या क्रमाने आणि कोणाच्या शेजारी ठेवल्या आहेत, याचा मोबाइलवर फोटो काढा. ज्या स्क्रॅपरशेजारी जुन्या बेअरिंगचा अर्धा बुश किंवा शाफ्टचा गुळगुळीत तुकडा आहे, तो बहुधा बेअरिंगच्या कामाचा असतो. ज्याच्याजवळ ओतीव लोखंडाची जाड प्लेट किंवा स्ट्रेट एज (सरळपणा तपासण्याची पट्टी) आहे, तो सपाट कामाचा असण्याची शक्यता मोठी. शेजारच्या वस्तू विकून किंवा वाटून टाकल्या, की ही माहिती परत मिळत नाही.

दोन गोष्टींची काळजी घ्या. तीनधारी स्क्रॅपरच्या कडा गंजाखालीही वस्तऱ्यासारख्या असू शकतात, म्हणून पेटीत हात घालून चाचपडू नका. जाड हातमोजे घाला आणि एकेक नग मुठीकडून उचला. दुसरे असे, की पेटीत केशरी-लाल पूड असलेली डबी सापडली तर ती शेंदराची समजा. शेंदूर म्हणजे शिशाचे संयुग आणि ते विषारी असते. ती पूड झटकू नका, कोरड्या ब्रशने साफ करू नका, मुलांच्या हाती लागू देऊ नका; डबी बंद करून वेगळी ठेवा, सांडलेली पूड ओल्या फडक्याने टिपा आणि साबणाने हात धुवा.

पायरी दुसरी : गंज ओळखण्यापुरताच काढा

हत्यार एक-दोन दिवस रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये भिजवा, मग पितळी तारांच्या ब्रशने आणि बारीक स्टील वुलने पृष्ठभाग उजळेल इतपत घासा. मूठ लाकडी असेल तर ती भिजू देऊ नका. ॲसिड वापरू नये, कारण त्याने गंज जितका जातो तितकेच पोलादही खाल्ले जाते आणि कडक पोलाद ठिसूळ होण्याचा धोका असतो. ग्राइंडरवरचे तारेचे चाक तर अजिबात नको. हे मी ठासून सांगतो, कारण आपल्याला जे वाचायचे आहे ते नेमके शेवटच्या अर्ध्या इंचात असते. धारेचा कोन, तिची झीज आणि तिच्यावरच्या बारीक रेघा ही त्या हत्याराची खरी ओळख आहे आणि फिरत्या चाकाखाली ती क्षणात पुसली जाते.

पायरी तिसरी : अंगाचा आकार

सपाट स्क्रॅपर हा लांबट पट्टीसारखा असतो. लांबी साधारण 250 ते 400 मिलिमीटर, टोकाशी रुंदी 20 ते 30 मिलिमीटर, आणि टोकाकडे जाडी कमी होत गेलेली. टोक काही नगांत किंचित फाकवलेले असते. हा ढकलून चालवायचा स्क्रॅपर आहे. काही लांब नगांना मुठीच्या जागी लाकडाची मोठी गोल चकती बसवलेली दिसते, ती कंबरेला किंवा पोटाला लावून सगळ्या अंगाचा जोर देण्यासाठी असते. अशी चकती दिसली, की तो मोठ्या पृष्ठभागांच्या कामाचा स्क्रॅपर हे जवळपास नक्की समजावे.

तीनधारी स्क्रॅपरचा छेद त्रिकोणी असतो आणि अंग टोकाकडे निमुळते होते. त्याच्या तिन्ही बाजू बहुधा मधोमध थोड्या खोलगट असतात, जेणेकरून धार लावताना दगडावर फक्त कडेचा भाग घासला जावा. गनमेटलचे (तांबे-कथलाच्या मिश्रधातूचे) बुश, भोकांच्या कडांवरचे बर्र (कापल्यावर उरलेली बारीक कूस) आणि अडचणीच्या कोपऱ्यांतले काम याच्यावर होत असे. खान्देशातल्या जुन्या पेट्यांत हा प्रकार पुष्कळदा कारखान्यात बनलेला नसतो. झिजलेल्या तीनधारी कानशीचे दाते घासून काढून फिटरने तो स्वतः तयार केलेला असतो.

अर्धगोल किंवा बेअरिंग स्क्रॅपर हा प्रकार नवख्यांना सर्वांत जास्त गोंधळात टाकतो. त्याचे पाते वाकवलेले असते, खालची बाजू बाहेर फुगलेली व वरची आत दबलेली, आणि टोक बहुतेक वेळा वर उचललेले. व्हाईट मेटलच्या (मऊ, पांढरट मिश्रधातूच्या) बेअरिंगमध्ये आतून बाजूने खरवडत जाण्यासाठी हा आकार आहे. जिनिंग कारखान्यातला लाइन शाफ्ट (अनेक यंत्रांना पट्ट्यांनी गती देणारा लांब दांडा) असो की ऑइल इंजिनाचा कनेक्टिंग रॉड, व्हाईट मेटल ओतलेल्या बेअरिंगचा शेवटचा हात याच स्क्रॅपरचा असे. सुताराच्या गोल पटाशीपासून तो वेगळा ओळखायचा तर एकच प्रश्न विचारा: कापणारी धार कुठे आहे? पटाशीची धार टोकाला असते, बेअरिंग स्क्रॅपरची दोन्ही लांब कडांना.

याशिवाय टोक काटकोनात वळवलेला, ओढून चालवायचा हूक स्क्रॅपर आणि मोठ्या बेअरिंगांसाठीचा जाड, गोलसर तोंडाचा बुल-नोज स्क्रॅपर कधीमधी आढळतो. हूक स्क्रॅपरची ग्लँड पॅकिंग (गळती थांबवण्यासाठी दांड्याभोवती भरलेली दोरी) उपसण्याच्या हुकाशी गल्लत करू नये. पॅकिंगच्या हुकाला टोकाशी पीळ किंवा अणकुची असते, सरळ कापणारी धार नसते.

जळगाव ही सोन्याच्या व्यापाराची पेठ असल्याने जुन्या पेट्यांत सोनारकामाची हत्यारेही मिसळलेली असू शकतात. ओपणी लांबून छोट्या स्क्रॅपरसारखी दिसते, पण तिला धार कुठेच नसते. तिचे पाते सर्व बाजूंनी गुळगुळीत आणि आरशासारखे चमकवलेले असते, कारण तिचे काम धातू दाबून चकाकवण्याचे आहे.

पायरी चौथी : धार वाचा

सगळ्या ओळखीचा गाभा इथे आहे, म्हणून या पायरीला वेळ द्या. एक भिंग, एक लहान स्टील पट्टी आणि खिडकीतला तिरपा उजेड एवढे साहित्य पुरे.

सपाट स्क्रॅपरचे टोक पाहिल्याबरोबर ते बोथट वाटते. छिन्नीसारखा किंवा पटाशीसारखा उतार तिथे नसतो. टोकाचा चेहरा पात्याच्या लांबीला काटकोनात घासलेला असतो आणि त्यामुळे वर एक व खाली एक अशा दोन कापणाऱ्या कडा मिळतात. या हत्याराने धातूत घुसायचे नसते, वरच्यावर खरवडायचे असते, म्हणून एवढा उभा कोन लागतो. ज्याला हे ठाऊक नाही तो त्याला तुटकी छिन्नी समजतो, ग्राइंडरवर धरून छान तिरपी धार काढतो आणि एक चांगला स्क्रॅपर कामातून जातो. वारशातल्या स्क्रॅपरांची सर्वांत जास्त नासाडी अशीच झालेली मी पाहिली आहे. उलट, ज्याच्या टोकाला एकाच बाजूने पातळ उतार आहे ती पट्टी इंजिनाच्या हेडवरचा कार्बन किंवा चिकटलेले गॅस्केट काढण्याची असते. तिलाही बोलीत स्क्रॅपरच म्हणतात, पण फिटिंगच्या कामाशी तिचा संबंध नाही.

आता स्टील पट्टी टोकाच्या धारेवर आडवी धरून उजेडाकडे पाहा. पट्टी मधोमध टेकली आणि दोन्ही टोकांना उजेडाची बारीक फट दिसली, तर धारेला मुद्दाम गोलाई दिलेली आहे, म्हणजे खरवडताना कोपरे धातूत रुतू नयेत. ही गोलाई जितकी जास्त, तितका स्क्रॅपर शेवटच्या, बारीक कामाचा. जवळपास सरळ धार असेल तर तो आधीच्या भरड कामाचा. एकाच पेटीत तीन सपाट स्क्रॅपर निघाले आणि तिघांची गोलाई वेगवेगळी असली, तर तो एकाच कामाचा पूर्ण संच आहे असे समजून ते एकत्र ठेवा.

तीनधारीच्या बाबतीत लांब कडा भिंगाखाली पाहा. मला मिळालेला एक नग या लेखापुरता समोर ठेवला आहे. त्याच्या शेपटाजवळ (मुठीत शिरणाऱ्या निमुळत्या भागाजवळ), मुठीच्या थोडे आधी, तिरप्या समांतर रेघा अजून दिसतात. त्या मूळ कानशीच्या दात्यांच्या खुणा होत. तीन कडांपैकी एक स्पष्टपणे जास्त झिजलेली आहे आणि तिचा टोकापासूनचा दोनेक इंचांचा भाग किंचित आत गेला आहे, म्हणजे तो फिटर सवयीने हीच कड बुशला लावत असे. मुठीचे कडे तांब्याच्या नळीचा तुकडा कापून बसवलेले आहे. या तीन खुणांवरून तो हाताने केलेला, बुशच्या कामाचा आणि एकाच माणसाने दीर्घकाळ वापरलेला स्क्रॅपर ठरतो, आणि कंपनीच्या छापाची गरज पडत नाही.

धारेजवळ निळसर-जांभळा डाग दिसला तर सावध व्हा. साध्या कार्बन पोलादावर निळा रंग सुमारे 300 अंश सेल्सिअसला येतो, म्हणजे कोणीतरी ग्राइंडरवर तो जास्त तापवला आणि धारेचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरले. अशा ठिकाणी कानस हलकेच फिरवून पाहावी: कडक पोलादावर कानस नुसती घसरते, पाणी उतरलेल्या पोलादात ती चावते. डाग फक्त टोकाला असेल, तर तेवढा भाग पाण्यात बुडवत बुडवत, सावकाश घासून काढला की खालचे पोलाद बहुधा चांगले निघते.

पायरी पाचवी : पोलाद कोणते

पोलादाच्या प्रकारावरून हत्यार जास्तीत जास्त किती जुने असू शकते ते ठरते. हाय स्पीड स्टील अमेरिकेत टेलर आणि व्हाइट यांच्या प्रयोगांतून 1900 च्या सुमारास पुढे आले. टंगस्टन कार्बाइडची हत्यारे जर्मनीच्या क्रुप कंपनीने 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात विडिया या नावाने बाजारात आणली. म्हणून टोकाला कार्बाइडची टीप असलेला स्क्रॅपर पणजोबांनी 1910 मध्ये घेतला, ही घरातली आठवण टिकत नाही. स्क्रॅपर नंतरचा आहे किंवा जुन्या दांड्याला टीप पुढे केव्हातरी बसवली आहे. कार्बाइड ओळखणे सोपे आहे. टोकाचा तुकडा वेगळ्या, गडद राखाडी रंगाचा असतो, त्याच्या आणि दांड्याच्या मध्ये ब्रेझिंगची (पितळी डाखाची) पिवळसर रेघ दिसते आणि त्यावर कानशीचा ओरखडाही उठत नाही. अशी टीप साध्या करड्या ग्राइंडिंग चाकावर लावू नये. तिला हिरवे सिलिकॉन कार्बाइडचे किंवा डायमंडचे चाक लागते, आणि तिची धूळ छातीत जाऊ नये म्हणून मास्क हवाच.

कार्बन पोलाद की हाय स्पीड, हे ठिणग्यांवरून कळते. गॉगल घालून शेपटाचा भाग, धारेचा कधीही नाही, ग्राइंडरला क्षणभर टेकवा. कार्बन पोलादाच्या ठिणग्या पांढऱ्या-पिवळ्या, लांब आणि शेवटी फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या असतात; हाय स्पीडच्या ठिणग्या मंद, लालसर, तुटक आणि जवळजवळ न फुटणाऱ्या. शेपूट आणि पाते वेगवेगळ्या पोलादाचे जोडलेले असेल तर ही चाचणी फसते, म्हणून आधी जोड आहे का ते पाहून घ्या.

पायरी सहावी : छाप

छाप असलाच तर तो बहुधा शेपटाजवळच्या सपाट भागावर असतो. तिथे खडू चोळून बोटाने पुसा, म्हणजे खोलगट अक्षरांत पांढरी पूड राहते आणि तिरप्या उजेडात ती वाचता येतात. ‘कास्ट स्टील’ हे शब्द दिसले तर ते ओतीव लोखंड समजू नका. शेफील्डमध्ये अठराव्या शतकात बेंजामिन हंट्समन यांनी सुरू केलेल्या, मुशीत वितळवून केलेल्या उत्तम पोलादाला इंग्रज कारागीर हेच नाव देत. वॉरिंग्टनचे स्टब्स किंवा अमेरिकेचे निकल्सन असे नाव सापडले, तर आनंदी होण्याआधी विचार करा: या दोन्ही कंपन्या कानशींसाठी प्रसिद्ध होत्या, तेव्हा नाव मूळ कानशीचे आणि स्क्रॅपर इथल्याच फिटरने घडवलेला, असे सहज असू शकते. माझ्या मते त्यामुळे त्या हत्याराची किंमत कमी होत नाही.

आपल्या भागात रेल्वेचे छाप विशेष उपयोगी पडतात. जी. आय. पी. ही अक्षरे असतील तर ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची. 5 नोव्हेंबर 1951 रोजी ती मध्य रेल्वेत विलीन झाली, म्हणून तो छाप त्या तारखेआधीचा धरावा. नंदुरबार-अमळनेरकडची तापी खोऱ्यातली लाइन पश्चिम रेल्वेची असल्याने त्या बाजूला बी. बी. अँड सी. आय. असा छाप मिळू शकतो आणि त्यालाही 1951 चीच मर्यादा लागू होते. हत्यार मात्र छाप मारल्यानंतरही कितीतरी वर्षे वापरात राहिलेले असते.

पायरी सातवी : मूठ

मुठीवरून वय ठरवू नका, कारण मुठी बदलत राहतात. बाभळीची किंवा सातपुड्यातल्या अंजनाची मूठ असेल तर ती इथेच बसवलेली आहे, एवढेच नक्की सांगता येते. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात लाकूड आटते, कडे सैल होते आणि शेपूट हलू लागते. ते मोडके समजून मूठ फेकू नका. जवसाचे तेल दोन-तीन वेळा मुरू द्या, कडे पुन्हा घट्ट ठोकून बसवा.

पायरी आठवी : पडताळणी

ओळख पटली असे वाटले की धार ऑइल स्टोनवर हलकी ताजी करा. सपाट स्क्रॅपर दगडावर अगदी उभा धरा, आणि हात किंचित डोलवत न्या म्हणजे गोलाई कायम राहील. नंतर पात्याच्या दोन्ही सपाट बाजू दगडावर पसरून बर्र काढा. मग ओतीव लोखंडाचा निकामी तुकडा घ्या. पेटीतली सरफेस प्लेट यासाठी कदापि वापरू नका. स्क्रॅपर 20 ते 30 अंशांत कललेला ठेवून थोडा दाबत पुढे ढकला: योग्य धारेचा सपाट स्क्रॅपर बारीक पापुद्रे किंवा जाड पुडीसारखा धातू काढतो आणि मागे चकचकीत, उथळ खूण ठेवतो. खोल ओरखडे पडले तर कोपरा रुततो आहे, नुसता घसरला तर धार नाही किंवा कोन चुकला आहे. तीनधारी आणि अर्धगोल नगांसाठी गनमेटलचा किंवा व्हाईट मेटलचा जुना बुश वापरा. कड बरोबर लागली की मऊ, बारीक साल निघते.

एवढे करूनही एखादा नग कोड्यात टाकत असेल, तर भुसावळ, जळगाव किंवा धुळ्यात रेल्वेतून अथवा कारखान्यातून निवृत्त झालेले एखादे आबा किंवा नाना गाठा. त्यांना हत्याराचे नाव विचारण्याआधी ते हत्यार हातात द्या आणि ते कसे धरतात ते पाहा. ढकलण्यासाठी धरले की ओढण्यासाठी, तळहात मुठीमागे गेला की दुसरा हात पात्यावर आला, यावरून उत्तर बहुधा बोलण्याआधीच मिळते.

ओळख पटलेल्या प्रत्येक नगाला मुठीशी दोऱ्याने एक चिठ्ठी बांधा. तिच्यावर प्रकार, पोलाद, छाप, कोणाच्या पेटीतून आला आणि ती व्यक्ती कुठे काम करत होती हे लिहा. अंदाजाने लिहिलेल्या गोष्टीपुढे ‘बहुधा’ हा शब्द आवर्जून घाला. पात्याला मशिन ऑइलचा हात फिरवा, धारेवर बुचाचा किंवा प्लास्टिक नळीचा तुकडा चढवा, आणि नग लाकडी खाचांत एकमेकांना लागणार नाहीत असे ठेवा. चामड्याच्या म्यानात कायमचे ठेवू नका, कारण कमावलेल्या चामड्यातले क्षार आणि पावसाळ्यातला ओलावा मिळून पात्यावर गंज धरतो. पावसाळा संपला की एकदा सगळे बाहेर काढून तेलाचा हात पुन्हा फिरवावा.